आमच्या आबांना परमवीर चक्र मिळालेलं नाही

'अमळनेरजवळच्या खेड्यात १९७१ चा परमवीर चक्रवाला फौजी, सरकार विसरलं' असा मेसेज चार दिवसांपासून फिरतोय. सोबतचा फोटो मी काढलेला आहे. खाली मी नुसतं 'आबांचं युद्धातलं पदक' लिहिलं होतं. चूक तिथूनच सुरू झाली.

फोटोतलं पदक 'पश्चिमी स्टार' आहे. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर सेवा केलेल्या जवानांना ते मिळालं. परमवीर चक्राची फीत नुसती जांभळी असते, फोटोतली तशी नाही. त्या युद्धात परमवीर चक्र चौघांनाच मिळालं: अल्बर्ट एक्का, निर्मलजितसिंग सेखों, अरुण खेत्रपाल आणि होशियार सिंग. आबांची कागदपत्रंही मी काल पुन्हा पाहिली.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. बाडमेरकडच्या वाळूत रात्री दिवे विझवून गाडी हाकायची, पाणी आणि दारूगोळा पोचवायचा. १७ डिसेंबरला युद्धबंदी झाली, तरी सुट्टी मिळायला बरेच दिवस गेले. मग सुरतेहून गाडीने अमळनेर, तिथून ट्रंक खांद्यावर घेऊन पायी गाव. आजीने आधी ओळखलंच नाही म्हणे, दाढी वाढलेली होती. ही गोष्ट आबा रंगवून सांगतात, लढाईची नाही.

मेसेज वाचून दाखवला तर म्हणाले, "मन्हं नाव कसाले मोठं करतस?"

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.