‘मर्यादेत खेळा, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या मोबाइलवर पैसे लावून रमी खेळण्याबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘रमी हा डोक्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानेच तसं सांगितलंय. बंदी कंपन्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. बुडाले तरी चालतील एवढेच पैसे लावा, रोजची मर्यादा ठरवा. हरलात तर लगेच सोडू नका, डाव फिरतोच. ज्याचं मन कच्चं, त्यालाच व्यसन लागतं.’ खाली ‘आयडीसाठी संपर्क’ म्हणून एक नंबर दिलेला. आयडी म्हणजे पैसे लावून खेळायला उघडून दिलेलं खातं.

मी परभणी जिल्ह्यात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवते. पैसे काढून देणं, भरून घेणं, पासबुक छापून देणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून ज्यांचं घर बसलंय, त्यांची पासबुकं माझ्या हातातून जातात. म्हणून एकेका वाक्याला उत्तर देते.

आधी कोर्टाचं. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटला, हे खरं आहे. पण त्याच निकालात तीन पत्तीला, म्हणजे आपल्याकडच्या तिर्रटला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलंय. आणि डावाच्या पैशांतून जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्यातच लिहिलंय. मेसेजवाल्याने सोयीचं तेवढं उचललं. शिवाय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर जो कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा फरकच ठेवलेला नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळवणं दोन्ही बाबतींत बंद. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनीही एवढं लक्षात घ्यावं.

आणि कौशल्य असलं तरी हिशोब बघा. सहा जणांनी शंभर-शंभर लावले, कंपनीने दहा टक्के कापले, असं धरू. जिंकणाऱ्याला ५४० मिळतात. असे दहा डाव झाले की त्या सहा जणांच्या खिशातून मिळून ६०० रुपये गेलेले असतात, मग कोणी कितीही हुशार असो. पारावरच्या पत्त्यांत पैसा निदान गावात फिरायचा.

‘खेळणाऱ्याला शिक्षा नाही’ हेही बरोबर आहे. हा कायदा करताना सरकारने खेळणाऱ्याला नाडला गेलेला माणूस धरलंय. पण शिक्षा नाही म्हणजे धोका नाही, असं कुठे आहे? ‘आयडी’ देणारा दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यावर पैसे मागवतो. ते खातं एखाद्या सायबर फसवणुकीत सापडलं, की त्याच्याशी व्यवहार झालेली खातीही गोठवली जाऊ शकतात. मग पीकविम्याचे पैसे खात्यात दिसतात, पण काढता येत नाहीत. जिंकलेली रक्कम समोरच्याने दिली नाही तर कोर्टातही मागता येत नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल असतो.

आता मेसेजमधलं सगळ्यात शहाणं वाटणारं वाक्य: बुडाले तरी चालतील एवढेच लावा. हे वाक्य महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या माणसाचं आहे. आपल्याकडे पैसा असा येत नाही. सोयाबीन मोंढ्यावर गेलं, आडत्याने पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, केली, की एका दिवशी खात्यात ऐंशी हजार दिसतात. वर्षातला तो सगळ्यात मोठा आकडा. त्या रात्री मोबाइल हातात घेतलेल्या पोराला वाटतं, यातले पाच हजार गेले तर काय बिघडलं? पण ते ऐंशी हजार आधीच वाटले गेलेले असतात. कृषी सेवा केंद्राची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, लातूरला शिकणाऱ्या बहिणीची मेस. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर त्याहून अवघड. उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाचे पैसे. त्यातले पाच हजार हरले, तर ते कोयत्याने फेडायचे, आणि तेही नवरा-बायको दोघांनी. ‘बुडाले तरी चालतील’ असा पैसा मी या खिडकीतून बघितलेला नाही.

राहिली रोजची मर्यादा. ब्रिटनमध्ये असे खेळ परवान्याने चालतात. तिथे माणसाला एकदा नाव नोंदवून सगळ्या परवानाधारक संकेतस्थळांवर स्वतःला बंदी घालून घेता येते, आणि एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळायलाही मनाई आहे. म्हणजे जिथे जुगार कायदेशीर आहे, तिथेही सगळं माणसाच्या निश्चयावर सोडलेलं नाही. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर आयडी देणारा तुमची मर्यादा कशाला पाळेल? तुम्ही थांबलात की त्याचा धंदा थांबतो.

‘डाव फिरतोच’ हे तर धादांत खोटं. मागचे दहा डाव कोण हरलं, हे पत्त्यांना माहीत नसतं. १९१३ मध्ये माँटे कार्लोच्या एका कॅसिनोत, लाल की काळा यावर पैसे लावतात त्या रूलेटच्या चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. आता तरी लाल येईल म्हणून लाल धरणारे त्या रात्री धुऊन निघाले. मी छापलेल्या एका पासबुकात एकाच तारखेला सतरा नोंदी होत्या. त्यातल्या काही अशा: १००, १००, २००, ५००, ५००, १०००, मध्येच ७५० जमा, मग थेट २०००. ते ७५० जमा झाले नसते तर पोरगा कदाचित तिथेच थांबला असता. कधी मिळतं, कधी नाही, हाच तर गळ.

आणि ‘मन कच्चं’ कुणाला म्हणता? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराच्या व्यसनाची नोंद आहे. त्यावर उपचार होतात. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, रात्रीबेरात्रीही फुकट बोलता येतं, मराठीतही.

त्या सतरा नोंदींचा पोरगा दिवाळीनंतर आईला घेऊन आला. मोबाइलमधली युपीआयची रोजची मर्यादा कमी करायची आणि सोयाबीनचे पैसे आईच्या खात्यावर वळवायचे, हे त्याचं त्यानेच ठरवलं होतं. माउलीचं खातं चार वर्षं बंद पडलेलं. आम्ही केवायसीचा फॉर्म भरला, तिने अंगठा दिला, आणि दोघं जिंतूरच्या गाडीला गेले.