सिझेरियनच्या कागदावर सही करू नका, म्हणे!

माझ्या भाचीला आठवा महिना सुरू आहे. गेल्या आठवड्यात तिच्या सासूबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक संदेश तिला वाचून दाखवला आणि रात्री तिने मला फोन केला, “मावशी, सीझर सांगितलं तर सही करायची नाही का?” शहरातल्या बायका आळशी झाल्या, त्यांना कळा सोसवत नाहीत म्हणून सिझेरियन वाढले, पंधरा टक्क्यांवरचे प्रत्येक सिझेरियन लूट असल्याचे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, तेव्हा सही देऊ नका, असे त्यात लिहिले होते.

आधी त्या सहीबद्दल, कारण त्यात जीव जाऊ शकतो. वार, म्हणजे बाळाला पोषण पुरवणारा अवयव, गर्भाशयाच्या तोंडावर पूर्ण पसरलेली असेल, तर कळांबरोबर अतोनात रक्तस्राव होऊ शकतो. बाळाआधी नाळ खाली घसरली, तर ती बाळाच्या डोक्याखाली दाबली जाते, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावू लागतात आणि हातात मोजकी मिनिटे उरतात. त्या मिनिटांत नातेवाइकांनी बाहेर मोबाइलवरचा संदेश दाखवत वाद घालावा, हे मला अक्षम्य वाटते.

आळसाचा आरोप तर आकड्यांसमोर टिकतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सिझेरियनचे प्रमाण शहरी भागात ३२.३ टक्के आणि ग्रामीण भागात १७.६ टक्के आढळले. पण खासगी रुग्णालयांत ते ४७.४ आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. रुग्णालयागणिक प्रमाण तिपटीहून अधिक बदलत असेल, तर त्याचे खापर बाईच्या सहनशक्तीवर कसे फोडता येईल?

खासगी रुग्णालयांत गरज नसतानाही शस्त्रक्रिया होतात, हे मात्र मला मान्य करावे लागते. तरीही सगळा दोष खासगीच्या पैशांवर टाकता येत नाही, कारण तेलंगणात सरकारी रुग्णालयांतही हे प्रमाण ४४.५ टक्के होते.

राहिला संदेशातला पंधरा टक्क्यांचा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेची दहा ते पंधरा टक्क्यांची ती मर्यादा १९८५ सालची आहे. २०१५ च्या निवेदनात त्याच संघटनेने ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक स्त्रीला सिझेरियन मिळण्यावर भर दिला.

कोणत्या स्थितीत सिझेरियन कराल, थांबून पाहता येईल का, आणि तुमच्याकडे शंभरातली किती बाळंतपणे सिझेरियनने होतात, हे प्रश्न भाचीने वहीत लिहून घेतले आहेत. पुढच्या तपासणीला सासूबाईही तिच्यासोबत जाणार आहेत.