बेंचवरचे ३७ गुण

७ एप्रिल २०२४. अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलची फायनल, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, पाडवा तोंडावर आलेला, घरातले सगळे झोपलेले आणि मी आवाज बंद करून लॅपटॉपसमोर. आयोवाने पहिले १० गुण घेतले तेव्हा समोरच्यांच्या खात्यात भोपळा होता. आयोवाच्या केटलिन क्लार्कने एकट्या पहिल्या क्वार्टरमध्ये १८ गुण केले. काय खेळते ती पोरगी!

आणि तरी सामना ८७-७५ असा साउथ कॅरोलायनाने जिंकला. क्लार्कचे शेवटी ३० गुण झाले, म्हणजे उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १२. तिला रोखलं असं सगळे म्हणतात. माझ्या मते तिला दमवलं. सेमीफायनल शुक्रवारी, फायनल रविवारी, मध्ये एकच दिवस. अशा वेळी समोर सारखे ताजे पाय येत राहिले तर कुणाचाही श्वास जड होणारच. साउथ कॅरोलायनाच्या बेंचने, म्हणजे सुरुवातीच्या पाचांत नसलेल्या बदली खेळाडूंनी, ३७ गुण केले, आयोवाच्या बेंचने शून्य. विजेत्या टीममध्ये सर्वांत जास्त, १९ गुण केले टेसा जॉन्सनने. पहिल्या वर्षाची मुलगी, तीही बेंचवरून आलेली.

याची पेरणी आदल्या वर्षीच झाली होती. २०२३च्या सेमीफायनलमध्ये याच आयोवाने साउथ कॅरोलायनाला ७७-७३ हरवलं, त्यानंतर त्यांच्या सुरुवातीच्या पाचही जणी गेल्या. त्यांतली आलिया बॉस्टन तर डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिली निवडली गेली. दुसरी टीम असती तर दोन वर्षं उठली नसती. पण कमिला कार्डोसो बॉस्टनच्या मागे बेंचवर बसूनच तयार झाली होती. कोच डॉन स्टेली यांनी तिला खेळवत ठेवलं होतं. पुढच्या वर्षी तीच टीमचा कणा झाली आणि सीझन संपला ३८-० वर.

मी हे इतक्या जीव तोडून लिहितेय, कारण कॉलेजात दोन वर्षं मी बेंचवर होते. आम्ही वीस गुणांनी पुढे असलो तरी सरांनी कधी आत पाठवलं नाही. मग एका मॅचला आमच्या मेन मुलीचा पाचवा फाउल झाला, म्हणजे ती बाहेर, तीन मिनिटं उरलेली, बरोबरीचा स्कोअर, आणि हाक आली. तासभर बसून गुडघे आखडलेले, तळवे गार पडलेले. पहिलाच पास माझ्या बोटांना लागून लाइनबाहेर गेला. हरलो आम्ही. ‘आयत्या वेळी कच खाल्ली’ हे सरांचं वाक्य अजून टोचतं. सवयच लागू दिली नव्हती, तर हात कुठून स्थिर राहणार होते?

बेंच भक्कम ठेवणंही सोपं नाही, हे मान्य. साउथ कॅरोलायनाचीच मिलेसिया फुलवायली कोलंबियाची, म्हणजे युनिव्हर्सिटी आहे त्याच गावची लाडकी लेक. तीही बेंचवरून यायची, आणि २०२५मध्ये ती एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला) निघून गेली. मला तिचा राग येत नाही. इतकं अंगात असताना बाहेर बसणं काय असतं, ते बसलेल्यालाच कळतं.

आपल्याकडच्या कोचेसना एवढीच विनंती. पुढच्या आंतरकॉलेज मॅचला दुसऱ्या क्वार्टरमध्येच बेंचच्या टोकाकडे बघा. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून बसलेली एक मुलगी तिथे असेल. तिला तेव्हाच आत पाठवा, चुकली तरी दोन मिनिटं राहू द्या.