उतारशाळेत जागा मिळेल, रिफंड मिळणार नाही

24 डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो हे आमच्या नागपूरच्या सदर भागातल्या किती ख्रिश्चनांना माहीत असेल देव जाणे. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर त्या तारखेला राष्ट्रपतींची सही झाली म्हणून. आपण त्या दिवशी करंज्या तळणं, स्टार टांगणं आणि रात्रीच्या भक्तीला कोणता शर्ट घालायचा यातच असतो. पण तारीख अगदी बरोबर पडलीय, कारण योसेफ गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमला पोचला आणि उतारशाळेत जागा नव्हती ती आपण हीच रात्र धरतो. तरी संडे स्कूलच्या नाटकातला उतारशाळावाला सज्जन म्हणायचा, तो तोंडावर 'नाही' म्हणतो. आधी कन्फर्म झाल्याचा मेसेज, मग पैसे कट, असलं तो करत नाही.

तर आमचं तमिळनाडूत, वेलंकनीच्या मरीया माऊलीला जायचं ठरलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, त्यांचा नवस होता. आता घरचा नकाशा समजून घ्या, बायको आणि सासूबाई कॅथलिक, मी आणि आई सीएनआयवाले, प्रोटेस्टंट, म्हणजे नवस ऐकला की आईची भुवई वर जाते. "आपल्यात असलं काही नसते बाबा," असं म्हणून झालं आणि पाच मिनिटांनी तिनेच विचारलं, "तिथं समुद्र आहे न?" 1970 साली याच नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. सहा चर्चेसचं जमलं, पण आमच्या चार माणसांचं तारखेवर काही जमेना.

सासूबाईंना सणाचीच तारीख पाहिजे होती. तिथे 29 ऑगस्टला झेंडा चढतो आणि 8 सप्टेंबरला माऊलीचा जन्मदिवस, त्या दिवसांत अख्खा दक्षिण भारत तिथे लोटतो हे त्यांना मान्य नव्हतं. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते, आणि उघडल्या उघडल्या चेन्नईपर्यंत वेटिंग, चेन्नईच्या पुढे तर विचारूच नका. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या गाडीत एक साहेब भेटला, त्याने धर्मपुस्तक दिलं आणि पुढे 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना गाडीत बसायला जागा मिळाली होती हा मुद्दा कोणी लक्षातच घेत नाही.

शेवटी ट्रिप ऑक्टोबरवर ढकलली. पण रूम आधीच एका ॲपवरून बुक करून ठेवलेली, त्यावर हिरव्या ठळक अक्षरात 'फ्री कॅन्सलेशन', मुदत संपायला भरपूर वेळ. मी कॅन्सल केलं. स्क्रीनवर हिरवी टिक आली, वरून रंगीत कागदाचे तुकडे पडल्यासारखं काहीतरी झालं, जसं काही आमच्या घरी लग्नच ठरलं. पैसे मात्र आले नाहीत.

ॲपला विचारलं तर ॲप म्हणे हॉटेलने सोडायला पाहिजे. हॉटेलला फोन केला, तिथला माणूस तमिळमध्ये आणि मी नागपुरी हिंदीत, पण 'ॲप, ॲप' एवढं कळलं. बँक म्हणे आमच्याकडे काही आलंच नाही. येशूला क्रूसावर पाठवताना पिलाताने निदान पाणी मागवून सगळ्यांसमोर हात धुतले होते, इथे कोणाचे हात दिसतही नाहीत. चॅटवर एक बाहुली येते, 'मी तुमची कशी मदत करू?' विचारते, आपण अख्खी कहाणी टाइप करायची, मग ती म्हणते 'खालीलपैकी पर्याय निवडा' आणि खाली असतं 'नवीन बुकिंग करा'. माणसाशी बोलायचं तर एक दाबा, मग तीन दाबा, मग नऊ दाबा, मग बासरी ऐका, आणि बासरी संपली की "सर, मैं आपकी परेशानी समझ सकता हूँ." तो समजू शकतो याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

बायको म्हणाली, "सोडून दे न आता, क्षमा कर, सत्तर गुणिले सात वेळा."

आई आतून म्हणाली, "क्षमा माणसाला असते, कंपनीला नसते."

आणि मग तिने बायबलातला लूकचा अठरावा अध्याय काढला. त्यात एक विधवा आहे, गावात एक न्यायाधीश, जो देवाला भीत नाही आणि माणसालाही मानत नाही (म्हणजे कस्टमर केअरच), ती बाई रोज त्याच्या दारात, न्याय द्या, न्याय द्या, शेवटी तो कंटाळून म्हणतो देऊन टाकतो बाई, नाहीतर ही माझं डोकं खाईल. आई स्वतः विधवा, त्यामुळे या बाईबद्दल तिला पहिल्यापासून जरा जास्तच जिव्हाळा. "काऊन रे, तू दोनदा फोन करून बसून राहिला? दे इकडे."

त्या दिवसापासून रोज दुपारचा चहा झाला की आईचा फोन. मी तिला कागदावर लिहून दिलं होतं की 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा, आणि नाहीच ऐकलं तर 1915 ही सरकारी ग्राहक हेल्पलाइन आहे. तिने तो कागद चष्म्याच्या डबीत ठेवला आणि स्वतःचीच लाइन धरली. "बेटा, जेवन हुआ क्या? अच्छा. तो पैसा कब आयेंगा?" उद्या परत तेच. आवाज चढवायचा नाही, फोन ठेवायचा नाही, तिकडचा पोरगा बदलला तर पहिल्यापासून सगळं, सासूबाईंच्या गुडघ्यासकट. एका पोराला तर तिने लग्न झालं का विचारलं, त्याने सुपरवायझरला जोडून दिलं, मग तिने सुपरवायझरलाही तेच विचारलं. हळूहळू असं झालं की नंबर बघूनच तिकडून "हाँ आंटी, देख रहा हूँ" यायला लागलं. 1915 ची गरजच पडली नाही.

पैसे आले. सासूबाईंनी माऊलीचे आभार मानले, आईने लूकचे, आणि माझं नाव कोणी घेतलं नाही. तेवढ्यात त्या पोराचा स्वतःहून फोन आला, आंटी पाच स्टार देऊन टाका. आईने मला मेसेज वाचायला लावला, आकड्यावरून बोट फिरवलं आणि थांबली. कन्व्हिनियन्स फी कापली होती. फार नाही, तर्री पोह्याच्या दोन प्लेटी आल्या असत्या एवढीच.

"त्या न्यायाधीशाने विधवेकडून फी घेतली होती का रे?"

नव्हती, मी म्हटलं. तिने एक दाबलं, तीन दाबलं, नऊ दाबलं, बासरी स्पीकरवर लावली आणि लसूण सोलायला बसली.