फळीतला पीळ

खानापूरकडच्या जुन्या घराची माडी उतरवली, तेव्हा सागवानी फळ्या निघाल्या. टाकवत नाहीत, विकवत नाहीत. म्हणून कडेला कड फेविकॉलने चिकटवून जेवणाच्या टेबलाचा माथा करायचं ठरलं. शिकंजे सोडले तर फळ्या एकत्र आलेल्या, पण एका पातळीवर यायला एकही तयार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत रंध्याच्या मशीनवर नेला, तर मशीनचा घास फूटभर आणि माझा माथा दोन फूट. राहिला हातरंधा.

गल्लीतल्या मेस्त्रींनी दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना उभ्या ठेवल्या आणि वाकून एका डोळ्याने पाहिलं. "पीळ हाय की. तिरके समोरासमोरचे दोन कोपरे उंच. आडवा रंधा मार आधी. लाकडाच्या रेषेत मारलास तर खड्ड्यासकट गुळगुळीत होईल. आणि पलीकडची कड मोडून घे, न्हाईतर चिरफळ्या उडतील."

ऐकायला सोपं. उंचवटे पेन्सिलीने रंगवायचे, रंग जाईस्तोवर रंधा मारायचा, परत रंगवायचे. एक फळी लोण्यासारखी सुटते; पुढचीची रेषा उलटी, तिथं रंधा कचकन अडतो आणि खपली उचकटून येते. मग पातं केसभरच बाहेर काढा, दगडावर धार लावा, तळाला मेणबत्ती घासा. वीज गेल्यावरही आमच्या घरी एवढ्या मेणबत्त्या खपत नाहीत.

शेजारचे काका कुंपणावरून धीर देत होते, "सावकाश रे. सीमाप्रश्न 1956 पासून सुटंना, तुझ्या फळीला कसली घाई?"

त्यात पावसाळा. माथा जमिनीवर आडवा ठेवला की वरची बाजू दमट हवा पिऊन फुगते, खालची तशीच, आणि फळी बाक धरते. म्हणून भिंतीला उभा टेकवायचा, दोन्ही अंगांना वारा लागू द्यायचा. आईला मात्र तो पसारा वाटायचा. माझी पाठ वळली की माथा आडवा, वर चादर.

तिला रस होता तो ढलप्यांत. आडव्या रंध्याच्या तुटक, रेषेतल्या लांब कुरळ्या, सगळ्या घमेल्यात भरून बंबात. माझ्या कामाची प्रगती ती आंघोळीच्या पाण्यावरून मोजायची. "आज पाणी कोमटच. बसून होतास काय?"

शेवटी पट्ट्या समांतर दिसल्या. मेस्त्रींनी तळहात फिरवला. "चालतंय." यापुढे त्यांच्याकडे कौतुक नसतं. मी रंधा पुसून पेटीत ठेवायला गेलो, तर आई घमेलं घेऊन दारात उभी.

"दुसरी बाजू हाय न्हवं अजून?"