स्टीलचे शाफ्ट घातले की झालं? ('डॅलसकर' यांना उत्तर)

डॅलसकर, नमस्कार. प्रतिक्रिया झणझणीत आहे आणि दोन ओळींत निभावून नेण्यासारखी नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. एक्स-मॅक्स या ट्रॅक्ससच्या मोठ्या रिमोटवरच्या गाडीतल्या प्लास्टिकच्या हाफ शाफ्टबद्दल (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) मी लिहिलं होतं की चारही कोपऱ्यांत एकदम स्टील घालू नका. आधी डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) नीट करून घ्या, मग मागचे दोन बदला, पुढचे प्लास्टिकचेच राहू द्या. त्यावर डॅलसकरांचं म्हणणं असं: हा निव्वळ कंजूषपणा आहे. त्यांच्या गाडीत ८एस (आठ सेलची बॅटरी) आणि कॅसलची १७१७ मोटर (१६५० केव्ही, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १६५० फेरे) आहे, चारही शाफ्ट स्टीलचे सीव्हीडी (टोकाला वाकणारा सांधा असलेले) आहेत आणि दोन सीझनमध्ये एकही तुटलेला नाही. 'शाफ्ट म्हणजे फ्यूज' हे म्हणणं म्हणजे घरच्या मीटरबॉक्सची अक्कल गाडीला लावणं. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवून थ्रॉटल दिला की सीव्हीडी थरथरतात हे मी लिहिलं ते चक्क चूक, कारण तो सांधा स्थिर वेगाचाच असतो, म्हणजे वाकला तरी आत-बाहेर वेग सारखाच. शेवटी टोमणा: "स्वतःच्या गाडीत काय घातलंय तेही सांगा."

तुमचा एक मुद्दा बिनशर्त मान्य. प्लास्टिकचे सरकते शाफ्ट जुने झाले की त्यांच्या खाचा फाकतात आणि जोर आला की शाफ्ट आतल्या आत घसरतो. तुटलेला शाफ्ट निदान दिसतो तरी. हा घसरणारा शाफ्ट माणसाला आधी मोटर, मग स्पर (मोटरने फिरणारा मोठा गिअर), मग डिफ उघडायला लावतो. असले शाफ्ट जपून ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता 'दोन सीझन एकही तुटला नाही'. नसेलच तुटला. पण तुम्हीच लिहिलंय की गाडी घरामागच्या गवतावर आणि मऊ मातीच्या ट्रॅकवर चालते. शाफ्टवर किती पीळ येणार हे मोटर ठरवत नाही, टायरची पकड ठरवते. बॅटऱ्या धरून गाडी साडेनऊ किलोची माना आणि टायरची त्रिज्या १० सेंटीमीटर. जोरात सुटताना जवळजवळ सगळा भार मागच्या दोन चाकांवर येतो, म्हणजे एका चाकावर साधारण ४७ न्यूटन. पकड पूर्ण धरली तर एका शाफ्टवर जेमतेम पावणेपाच न्यूटन-मीटर टॉर्क. याला प्लास्टिकही पुरतं. गवतावर तर त्याच्या आतच चाक घसरतं.

घोळ होतो तो उडीवरून उतरताना. हवेत आपण थ्रॉटल दाबलेला असतो, चाकं भन्नाट फिरत असतात, आणि गाडी डांबरावर किंवा टणक मुरमावर आदळते. त्या क्षणी चाकावरचा भार वरच्या ४७ न्यूटनच्या पाचपट झाला असं धरा, म्हणजे टॉर्क २३ च्या पुढे. चाक जमिनीला चिकटून एकदम मंदावतं, पण मोटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) थांबायला तयार नसतो. मोटर ते चाक एकूण गिअरिंग १५ ला १ धरलं, तर चाकाच्या बाजूने पाहताना रोटरचं जडत्व १५ चा वर्ग, म्हणजे २२५ पट जाणवतं. मूळची मोटर १२०० केव्हीची, तुमची १६५०. तेवढ्याच व्होल्टेजवर फेरे जवळपास ३८ टक्के जास्त, आणि रोटरमध्ये साठलेली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. नुसत्या फेऱ्यांमुळेच ती १.९ पट झाली, तुमच्या रोटरचा मोठा आकार तर मी धरलेलाच नाही. ही सगळी ऊर्जा सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात कुठेतरी जिरवावी लागते.

स्पर गिअरमधले रबरी कुशन थोडी खातात. प्लास्टिकचा शाफ्ट पिळवटून थोडी खातो, आणि फारच झालं तर तुटून बाकीचं वाचवतो. स्टीलचा शाफ्ट यातलं जवळजवळ काहीच करत नाही, धक्का जसाच्या तसा पुढे पाठवतो. पुढचा नंबर डिफच्या रिंग गिअरचा आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचा. डिफचं घर प्लास्टिकचं असल्यामुळे जोराखाली ते किंचित उघडतं, दोन्ही गिअरचे दात एकमेकांपासून दूर सरकतात, फक्त टोकाला टोक लागतं, आणि टोकं उडतात. डिफ उघडल्यावर ग्रीसमध्ये चमचम दिसली तर समजायचं. म्हणून माझा आग्रह असा की डिफ आधी उघडा, शिम (पातळ चकती) घालून दातांची बसण घट्ट करा, बेअरिंगमध्ये खेळ असेल तर बदला, आणि मगच स्टीलकडे या. मीटरबॉक्सची अक्कल म्हणा हवं तर, पण काहीतरी तुटणारच असेल तर ते कुठे तुटावं हे मला ठरवायचंय. चार स्क्रू काढून बदलता येणारी वस्तू तुटलेली मला परवडते, अख्खी गाडी खोलून हात घालावा लागणारी परवडत नाही.

यात आपल्या दोघांच्या पत्त्याचाही भाग आहे. तुम्ही डॅलसला, ट्रॅक्ससचं मुख्यालय तिथून जवळच मॅकिनीला. रिंग गिअर गेला तर शनिवारी दुकानात जाऊन आणाल. इकडे भारतात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. पार्सल कधी सुटेल ते कस्टमवाल्यांनाच ठाऊक. त्याला कंजूषपणा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

स्थिर वेगाबद्दल मात्र तुमचं चुकतंय. आपण ज्याला सीव्हीडी म्हणतो त्यात चाकाच्या टोकाला आडव्या पिनेचा सांधा असतो आणि डिफच्या टोकाला डॉगबोनसारखी पिन कपात बसते. गतीच्या हिशेबाने ही दोन्ही टोकं साध्या कार्डन जॉइंटच्याच (आडव्या पिनांवर वाकणारा सांधा) जातीची. सांधा ३० अंशांत वाकलेला असताना आत येणारा वेग एकसारखा असला, तरी बाहेरचा वेग एका फेऱ्यात दोनदा ०.८७ पट ते १.१५ पट असा वरखाली होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असते आणि पिना नीट जुळवलेल्या असत्या तर एकाची चूक दुसऱ्याने खोडली असती. मागे साधारण तसंच होतं. पुढे चाक वळलं की बाहेरचा कोन एकटाच वाढतो आणि खोडणारं कुणी उरत नाही. टूरिंग कारवाले पुढच्या चाकांना दुहेरी सांध्याचे शाफ्ट लावतात ते याचसाठी. गवतावर ही थरथर टायरमध्ये जिरत असेल, म्हणून तुम्हाला जाणवली नसेल.

जाडीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला तोच विषय जास्त आवडतो. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. वरचेच २३ न्यूटन-मीटर ६ मिमीच्या दांड्यावर टाकले तर ताण ५४० मेगापास्कल येतो, ८ मिमीवर २३० च्या आत. साधं, कडक न केलेलं स्टील पिळात दीडशेच्या आसपासच हार मानतं. म्हणजे नुसतं 'स्टील' लिहिलेला बिननावाचा स्वस्त शाफ्ट ८ मिमीचा असला तरी पिळला जाणार. उलट टोकाला, गरजेपेक्षा कडक केलेला शाफ्ट पिळत नाही, पण पिनेच्या भोकापाशी तडकतो. दुकानात हातात घेऊन यातलं काहीच कळत नाही. म्हणून शाफ्ट बसवायच्या आधी पांढऱ्या पेंट मार्करने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढायची. दोन-चार बॅटरी पॅक जोरात चालवून चाक वर उचलून बघायचं. रेघ सरळ असेल तर माल चांगला. रेघ शाफ्टभोवती वळसा घेऊ लागली असेल तर स्टील हार मानायला लागलंय, बदला. तुमच्या चारही शाफ्टवर ही रेघ ओढून बघाच. पुढचे आणि मागचे वेगळं बोलतील असा माझा अंदाज आहे.

लांबीचंही तुम्ही लिहिलंय की 'सरळ बसले'. बसतातच. शॉक (धक्के शोषणारे) काढून ठेवा आणि आर्म (चाक धरणारा दांडा) हाताने पार वरपासून खालपर्यंत हलवा. कुठल्याही जागी शाफ्टला त्याच्या लांबीत किंचित खेळ हवा. एखाद्या जागी खेळ संपला तर तिथे तो डिफच्या बेअरिंगला आतून ढोसतोय, आणि खाली सोडल्यावर पिन कपाच्या तोंडाशी आली तर एक दिवस बाहेर पडणार. प्लास्टिकचे शाफ्ट स्वतःच लांबतात-आखडतात, म्हणून त्यांना हे दुखणं नसतं.

मधल्या शाफ्टचं (मोटरकडून डिफपर्यंत जोर नेणारा) कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. तिथे अॅल्युमिनियम चालतं. डिफमध्ये टॉर्क वाढतो तो त्याच्या पुढे, त्यामुळे मधल्या शाफ्टवर पीळ कमी आणि फेरे जास्त. तिथे ताकदीपेक्षा सरळपणा महत्त्वाचा. तेच अॅल्युमिनियम चाकाच्या शाफ्टला घातलं तर पिनेची भोकं लंबगोल होतात.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या गाडीत मागे कडक केलेल्या स्टीलचे दोन, मधे अॅल्युमिनियम, पुढे कारखान्यातून आलेलं प्लास्टिक. फुटपाथची कड पहिल्यांदा पुढच्या चाकालाच लागते, आणि तो धक्का मला पुढच्या डिफपर्यंत पोचू द्यायचा नाही. मागच्या पिनांच्या ग्रब स्क्रूंना (डोकं नसलेले स्क्रू) निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) आहे, लाल नाही, कारण लाल लावलं तर पिन बदलताना षटकोनी खाच गोल होते. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) पंच, म्हणजे सुटतानाचा झटका, कमी केलेला आहे. आणि उडी मारली की हवेत थ्रॉटल सोडायची सवय लावून घेतोय. ती अजून पक्की झालेली नाही.