फवारणी रोबोट आणि ॲल्युमिनियमचा डबा: थोडा खुलासा

पिंपळगाव, दिंडोरीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की द्राक्षबागेतल्या फवारणी रोबोटला बाहेरून ॲल्युमिनियमचंच कव्हर करा, गंजत नाही, आयुष्यभर टेन्शन नाही. अर्धंच खरं आहे हो. लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही हे बरोबर, पण आपण बागेत मारतो काय? बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक. 1 टक्का म्हणजे 100 लिटरला 1 किलो मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की ओलाव्यात तिथेच बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि बारीक खड्डे पडत जातात, वर चुन्याचं अल्कली ॲल्युमिनियमचा संरक्षक थरच खातं. मोरचूद आपण धातूच्या बादलीत कालवतो का कधी? प्लास्टिकच्या ड्रममध्येच ना, मग रोबोटला वेगळा न्याय कशाला!

दुसरं, चारही बाजूंनी धातूचा डबा केला तर आतल्या जीपीएस अँटेनाला सिग्नल मिळणार कुठून. कार्बन फायबरचंही तेच, तोही वीजवाहक.

माझ्या मते काळं एचडीपीई प्लास्टिक घ्या, ड्रमचंच मटेरियल, काळ्या रंगातला कार्बन ऊन झेलतो. फक्त त्याला गोंद धरत नाही, गरम हवेचं वेल्डिंग किंवा स्टेनलेसचे स्क्रू लागतात. पॉलिकार्बोनेट, म्हणजे पारदर्शक कडक प्लास्टिक, ठोकर छान सोसतं पण चुन्याच्या पाण्याने आणि पेट्रोलच्या फडक्याने तडकतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या खिडकीपुरतंच ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. पीएलए प्लास्टिकचं थ्रीडी प्रिंट तर नकोच, साधारण 60 डिग्रीला मऊ पडतं, एप्रिलात उन्हात ठेवलेल्या बंद डब्याचा विचार करा.